टीबीची भीती वाटते ते ठीक, पण ती वाटते चुकीच्या वेळी

घरात कुणाला टीबी निघाला की पहिलं काम काय होतं? ताट-वाटी-पेला वेगळा. मग टॉवेल वेगळा, मग पोरांना दम की काकाच्या खोलीत जायचं नाही, आणि शेजारच्यांनी विचारलंच तर "जरा कावीळ झालीये" म्हणून सांगायचं. आणि हाच माणूस त्याआधी दोन-अडीच महिने त्याच घरात खोकत होता, सगळे एका खोलीत, खिडक्या लावून, पंखा टीव्ही चालू, मांडीला मांडी लावून जेवत होते, तेव्हा कुणाला काहीच वाटलं नव्हतं. खरा धोका तेव्हा होता. आता गोळ्या सुरू झाल्यात, धोका उतरणीला लागलाय आणि नेमकी आता सगळ्यांना भीती सुटलीये. हे उलटं गणित का ते नीट सांगायचा प्रयत्न करतो, कारण ते कळलं की टीबीबद्दलच्या बाकीच्या बऱ्याच गोष्टी आपोआप जागेवर बसतात.

टीबी जंतूमुळे होतो, मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलॉसिस असं त्याचं लांबलचक नाव. रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरने २४ मार्च १८८२ ला बर्लिनमध्ये तो जाहीर केला, म्हणून २४ मार्च हा टीबी दिन. पण जंतू सापडला म्हणजे औषध सापडलं असं नाही. आपल्या डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेत एम.डी. झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात टीबीने गेल्या, वय एकवीस. स्वतः डॉक्टर, आजार कशामुळे होतो ते जगाला कळून पाच वर्षं झालेली, आणि हातात द्यायला एक गोळी नाही. पहिलं खरं औषध स्ट्रेप्टोमायसिन, ते सापडलं १९४३ मध्ये. मधली साठ वर्षं हवापालट, दूध-अंडी आणि पाचगणी-मिरजेकडची सॅनेटोरियमं. जुन्या लोकांच्या मनात टीबी म्हणजे मरण आणि टीबी म्हणजे माणूस घराबाहेर काढणं हे जे बसलंय ते त्या काळातलं आहे, आपण ते तसंच पुढे चालवतोय.

आता पसरतो कसा. फुप्फुसाचा टीबी असलेला माणूस खोकतो, शिंकतो, जोरात बोलतो, गातो तेव्हा बारीक तुषार उडतात. मोठे थेंब खाली पडतात, त्यांचं फार काही नाही. बारीक थेंब हवेतच सुकतात आणि त्यातला जंतू इतका हलका होतो की तासन् तास हवेत तरंगत राहतो. देवघरात उदबत्ती लावून दार बंद केलं तर लावणारा निघून गेल्यावरही खोलीभर वास राहतो आणि खिडकी उघडली की पाच मिनिटांत जातो, बरोबर तसं समजा. म्हणजे खोकणारा माणूस समोर असलाच पाहिजे असंही नाही, आणि हवा खेळती असेल तर तो समोर असूनही धोका बराच कमी.

हे कुणी नुसतं अंदाजाने सांगितलेलं नाही. १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत बाल्टिमोरला रिचर्ड रायली आणि विल्यम वेल्स या दोघांनी एक भारी प्रयोग केला. टीबीच्या एका छोट्या वॉर्डातली हवा पाइपाने ओढून वर पिंजऱ्यात ठेवलेल्या गिनीपिगांकडे सोडली. पेशंट आणि गिनीपिग यांची भेट नाही, स्पर्श नाही, एकच ताट तर सोडाच, फक्त हवा. तरी गिनीपिगांना टीबीची लागण झाली. तीच हवा अल्ट्राव्हायोलेट दिव्याखालून नेऊन सोडली तर नाही झाली. आणि त्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट ही, की ज्या पेशंटना औषध लागू पडत होतं त्यांच्याकडून लागण जवळजवळ बंद झाली होती. पसरवणारे बहुतेक सगळे औषध न घेतलेले किंवा ज्यांच्या जंतूवर औषध चालत नव्हतं असे.

तर ताटातून टीबी होत नाही. कपड्यातून, हात मिळवण्यातून, संडासातून, एका बिछान्यावर बसण्यातूनही होत नाही. जंतू फुप्फुसाच्या अगदी आतल्या बारीक पिशव्यांपर्यंत श्वासावाटे जावा लागतो, वाटीवर बसून तो तिथे पोचत नाही. रस्त्यावर थुंकणं घाणेरडं आहेच, पण टीबी मुख्यतः खोकल्यातून हवेत जातो, रस्त्यावरच्या डागातून नाही. आणि फुप्फुस सोडून दुसरीकडे झालेला टीबी, म्हणजे मानेच्या गाठींचा, मणक्याचा, पोटाचा, मेंदूच्या आवरणाचा, हा साधारणपणे दुसऱ्याला लागत नाही कारण तो जंतू बाहेर हवेत येतच नाही. मानेला गाठ असलेल्या पोरीला स्वयंपाकघरात येऊ न देणारी घरं आहेत, काय बोलणार.

लागण झाली म्हणजे आजार झाला असंही नाही, इथे भलेभले गोंधळतात. जगातल्या साधारण पाव लोकांच्या अंगात टीबीचा जंतू कधी ना कधी शिरलेला आहे. बहुतेकांचं शरीर त्याला कोंडून ठेवतं, तो झोपून राहतो, माणसाला काही होत नाही आणि त्याच्याकडून कुणाला लागतही नाही. शंभरातल्या पाच ते दहा जणांना आयुष्यात कधीतरी तो जागा होऊन आजार होतो, त्यातही पहिल्या एक-दोन वर्षांत जास्त. कुणाचा जागा होतो? ज्याची प्रतिकारशक्ती खाली आली त्याचा. एचआयव्ही हे एक कारण सगळ्यांना माहीत असतं, पण आपल्याकडे त्याहून फार मोठं कारण म्हणजे पोटभर आणि नीट खायला न मिळणं. मग शुगर, डायबेटिसवाल्यांना धोका दोन-तीन पट. बिडी-सिगारेट, दारू, खाणीत किंवा दगडफोडीच्या कामात वर्षानुवर्षं धूळ खाणं. आणि पाच वर्षांखालची पोरं, त्यांच्यात तो पटकन मेंदूपर्यंत जाऊ शकतो म्हणून घरात मोठ्या माणसाला टीबी निघाला की पहिल्यांदा लहान पोरांना तपासायचं.

आता ते उलटं गणित. १९५६ मध्ये मद्रासला टीबीच्या औषधोपचारासाठी एक संशोधन केंद्र सुरू झालं. तिथे त्यांनी गरीब वस्तीतले पेशंट घेतले, दोन गट केले, एक गट सॅनेटोरियममध्ये, तिथे आराम, चांगलं खाणं, नर्स. दुसरा गट आपल्या झोपडीत, आपल्या दाटीत, आपल्या अपुऱ्या जेवणावर. औषध दोघांना तेच. १९५९ मध्ये निकाल छापून आला तेव्हा जगभरचे डॉक्टर चकित झाले, कारण वर्षभराने घरचे पेशंट जवळपास तेवढेच बरे झाले होते. पण घरच्यांचं काय, त्यांना झाला असेल ना जास्त? काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. नाही झाला. ज्यांचा पेशंट घरात होता आणि ज्यांचा सॅनेटोरियममध्ये होता, दोन्हीकडे धोका सारखाच निघाला. कारण घरच्यांना जी काही लागण व्हायची ती निदान व्हायच्या आधीच होऊन गेलेली होती. त्यानंतर जगभरची सॅनेटोरियमं हळूहळू बंद होत गेली. हा प्रयोग आपल्या देशात झालाय आणि आपल्याच घरांत अजून पोचलेला नाही, मला याचं फार वाईट वाटतं.

म्हणजे मुद्दा येतो निदानावर. औषध न घेता फिरणारा, थुंकीत जंतू असलेला एक माणूस वर्षाला दहा-पंधरा जणांना लागण देऊ शकतो. औषध लागू पडलं की साधारण दोन आठवड्यांत हे प्रमाण एकदम खाली येतं. तेव्हा जे काही जिंकायचं ते खोकला सुरू झाल्यापासून पहिली गोळी तोंडात जाईपर्यंतच्या काळात.

आणि नेमका हाच काळ आपल्याकडे लांबतो. खोकला आला, केमिस्टकडून सिरप. आठवड्याने गल्लीतल्या डॉक्टरकडे, तो एक अँटिबायोटिक देतो, जरा बरं वाटतं, परत खोकला, दुसरा डॉक्टर, दुसरं अँटिबायोटिक. त्यात लिवोफ्लॉक्सासिनच्या जातीचं काही दिलं तर आणखी पंचाईत, कारण त्या गोळ्या टीबीच्या जंतूला थोडंसं दाबतात, पेशंटला वाटतं बरा होतोय, थुंकीची टेस्ट कधी कधी निगेटिव्ह येते आणि आजार आतल्या आत चालू. २०१९ ते २०२१ मध्ये देशभर टीबीची मोठी पाहणी झाली, त्यात लक्षणं असलेल्या लोकांपैकी जवळपास ६४ टक्के कुठल्याच दवाखान्यात गेलेले नव्हते. आणि त्याच पाहणीत जे पेशंट सापडले त्यातले ४२.६ टक्के फक्त छातीच्या एक्स-रेमुळे सापडले, नुसतं "खोकला आहे का" विचारून ते सुटलेच असते. म्हणून आता सरकारी मोहिमांमध्ये हातात धरायची एक्स-रे मशीन घेऊन वस्तीत जातात, ते आले तर घ्या काढून.

लक्षणं तशी पाठच असतील: दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळी बारीक ताप, रात्री घामाने बनियन ओला, भूक मेलेली, वजन उतरतंय, कधी थुंकीतून रक्त. सगळी एकदम असायची वाट बघू नका. यातलं एकही दोन आठवडे टिकलं, किंवा थुंकीतून रक्त आलं, तर सरकारी दवाखान्यात थुंकी द्या, फुकट आहे.

थुंकी देणं ही एक वेगळीच कला आहे आणि ती कुणी शिकवत नाही. आमच्या नात्यातल्या एका काकूंचा नमुना लॅबने परत पाठवला, कारण डबीत होती नुसती लाळ. त्यांना तर बिचारीला शरम वाटत होती, तिथल्या बाकड्यावर चार लोकांसमोर खाकरायची. पाहिजे असतो बेडका, छातीतून आलेला. सकाळी उठल्या उठल्या साध्या पाण्याने चूळ भरायची, मग उघड्यावर, गच्चीत किंवा अंगणात जायचं, माणसांपासून लांब, दोन-तीनदा खोल श्वास घेऊन रोखायचा आणि मग पोटातून जोर लावून खोकायचं. घट्ट, पिवळट असं काहीतरी डबीत पडलं की जमलं. झाकण घट्ट लावा, डबी बाहेरून खराब करू नका, आणि त्याच दिवशी पोचवा.

त्या बेडक्याची टेस्ट आता दोन प्रकारे होते. सूक्ष्मदर्शकाखाली बघणं हे जुनं, त्यात भरपूर जंतू असले तरच दिसतात. नवीन म्हणजे सीबीनॅट आणि ट्रूनॅट, यात जंतूचा डीएनएच शोधतात, दोन-एक तासांत उत्तर मिळतं, आणि रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध त्या जंतूवर चालेल की नाही तेही कळतं. ट्रूनॅट हे गोव्याच्या मोलबायो कंपनीचं, बॅटरीवर चालतं, एसीची खोली लागत नाही, त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत नेता येतं. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. तेव्हा टेस्ट करताना एवढं विचारा, की सीबीनॅट किंवा ट्रूनॅट केली का? एक मात्र लक्षात ठेवा, रक्त काढून "टीबी पॉझिटिव्ह" सांगणाऱ्या अँटिबॉडीच्या टेस्ट आपल्याकडे २०१२ पासून बंदच आहेत, कारण त्या वाट्टेल ते उत्तर देत होत्या.

आता औषध. साध्या टीबीला चार औषधं, आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल. पहिले दोन महिने चारही, नंतर चार महिने पायराझिनामाइड सोडून तीन. रोज घ्यायची. सगळी एकाच गोळीत एकत्र असतात आणि अशा गोळ्या किती हे तुमच्या वजनावर ठरतं. लघवी केशरी-लाल होते, पहिल्या दिवशी माणूस घाबरतो, ते रिफॅम्पिसिनमुळे, काही नाही. पण उलट्या होत राहिल्या, डोळे पिवळे दिसले, जेवणच नकोसं झालं तर गोळ्यांचा लिव्हरवर परिणाम असू शकतो, लगेच डॉक्टरकडे. नजर धूसर झाली किंवा लाल-हिरवा ओळखू येईना तर इथॅम्ब्युटॉल. हातापायाला मुंग्या येत असतील तर आयसोनियाझिड, त्यासाठी बी-६ ची गोळी बरोबर देतात. सांधे दुखले तर बहुधा पायराझिनामाइड. ज्या बायका गर्भनिरोधक गोळ्या घेतात त्यांनी आवर्जून सांगायला हवं कारण रिफॅम्पिसिनमुळे त्या गोळ्यांचा भरवसा राहत नाही. हे कोणीच विचारत नाही, बाईही लाजून बोलत नाही. काहीही झालं तरी स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करायच्या नाहीत, विचारून करायचं.

सहा महिने कशाला, हा प्रश्न प्रत्येक पेशंट विचारतो आणि योग्यच विचारतो, कारण महिन्याभरात खोकला थांबतो, ताप जातो, वजन वाढतं, कामावर जावंसं वाटतं. कारण असं की हा जंतू फार आळशी आहे. साधे पोटातले जंतू वीस मिनिटांत एकाचे दोन होतात, हा पंधरा-वीस तास घेतो. औषधं बहुतेक वाढत्या जंतूवर चालतात, आणि यातले काही तर चक्क झोपलेले, मेणचट जाड कवचाच्या आत. पहिल्या दोन महिन्यांत जागे असलेले मरतात, म्हणून बरं वाटतं. उरलेले झोपलेले एकेक करून संपवायला पुढचे चार महिने. मधेच सोडलं की जे उरलेत ते उठतात, आणि अर्धवट औषध बघून बसलेले असतात, त्यांच्यावर मग तेच औषध चालत नाही. आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन दोन्ही चालेनाशी झाली की त्याला एमडीआर टीबी म्हणतात. आणि हे फक्त गोळ्या सोडणाऱ्याचंच पाप असतं असंही नाही, एमडीआर जंतू दुसऱ्याकडून हवेतून थेट येतो, पहिल्यांदाच टीबी झालेल्यालाही. त्यामुळे एमडीआर निघाला की "तू गोळ्या बुडवल्या असशील" म्हणून पेशंटच्या अंगावर जायचं काही कारण नाही.

मुंबईने हे फार सोसलंय. २०११ च्या शेवटी डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाती असलेलं एकही औषध चालत नाही असे पेशंट मुंबईत सापडल्याचं छापलं तेव्हा जगभर खळबळ माजली होती. त्या काळी एमडीआरचं औषध म्हणजे दीड-दोन वर्षं मूठभर गोळ्या आणि महिनोन् महिने रोज कानामायसिनसारखं इंजेक्शन, ज्याने अनेकांचे कान कायमचे गेले. मुंबईची नंदिता वेंकटेशन ही त्यातलीच एक, आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा तिसिले ही दुसरी. दोघींनी मिळून बेडाक्विलिन या नव्या औषधाचं पेटंट वाढवून मागणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सनच्या अर्जाला भारतात हरकत घेतली आणि मार्च २०२३ मध्ये पेटंट ऑफिसने तो अर्ज फेटाळला. म्हणजे ते औषध स्वस्तात बनवायचा रस्ता मोकळा झाला. आता इंजेक्शन गेली, आणि बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड, मॉक्सिफ्लॉक्सासिन असा सहा महिन्यांचा नुसत्या गोळ्यांचा कोर्स २०२४ मध्ये भारतात मंजूर झाला.

खाण्याबद्दल. टीबीला पथ्य नाही. वांगं नको, दही नको, केळं थंड, असं जे सांगतात ते सोडून द्या, दारू सोडून सगळं खायचं आणि भरपूर खायचं, डाळ, अंडी, शेंगदाणे, दूध, मासे, परवडेल ते. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये छापलेल्या एका मोठ्या अभ्यासात डॉ. अनुराग आणि माधवी भार्गव यांच्या टीमने पेशंटच्या घरच्यांनाही दरमहा माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ दिली. घरच्यांमधला नवा टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला. लस नाही, औषध नाही, तांदूळ आणि डाळ! एवढ्या साध्या गोष्टीचा असा परिणाम वाचून मी दोनदा तपासून बघितलं. सरकारकडून उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १००० रुपये खात्यात येतात, नोव्हेंबर २०२४ च्या आधी ते ५०० होते. त्यासाठी निक्षय या सरकारच्या टीबी नोंदणीच्या पोर्टलवर नाव लागतं, प्रायव्हेट डॉक्टरकडे औषध चालू असलं तरी लागतं, डॉक्टरने पेशंटची माहिती सरकारला कळवणं २०१२ पासून बंधनकारकच आहे. पैसे येत नसतील तर आशाताईंना नाहीतर १८००-११-६६६६ ला विचारा.

बीसीजीची लस, डाव्या दंडावरचा तो व्रण, तिचं काय? ती लहान पोरांना मेंदूच्या आणि अंगभर पसरणाऱ्या टीबीपासून चांगली वाचवते, म्हणून जन्मल्यावर द्यायचीच. पण मोठ्यांच्या फुप्फुसाच्या टीबीला ती फारशी आडवी येत नाही, तमिळनाडूत चिंगलपेटला १९६८ पासून लाखोंवर चाचणी झाली त्यात हेच दिसलं. "मला लस झालीये" म्हणून खोकला अंगावर काढू नका.

मोठ्यांसाठी वेगळा उपाय आहे, प्रतिबंधक गोळ्या. घरात फुप्फुसाचा टीबी निघाला की बाकीच्या सगळ्यांना तपासतात, आजार नाही असं पक्कं झालं की झोपलेला जंतू मारायला कोर्स देतात, एकतर सहा महिने रोज आयसोनियाझिड, नाहीतर आठवड्यातून एकदा अशा बारा आठवड्यांच्या गोळ्या. बरेच लोक "मला काही झालेलंच नाही, गोळ्या कशाला" म्हणून टाळतात. ताटं वेगळी करण्यापेक्षा या गोळ्या घेतल्या तर काहीतरी हाती लागेल.

आणि खिडकी. मुंबईत गोवंडीकडच्या पुनर्वसनाच्या इमारतींचा अभ्यास झाला होता, तीन-तीन मीटरवर बिल्डिंगा, खालच्या मजल्यांवर ना ऊन ना वारा, दिवसाही ट्यूबलाइट, आणि टीबीही तिथेच जास्त. झोपडीतून काढून पक्क्या घरात नेलं आणि हवाच काढून घेतली. हे काही पेशंटच्या हातात नाही, नकाशे पास करणाऱ्यांच्या हातात आहे. आपल्या हातात एवढंच, की पेशंटची झोपायची जागा खिडकीजवळ, पहिले दोन-तीन आठवडे त्याच्या तोंडाला मास्क किंवा रुमाल, बेडका झाकणाच्या डब्यात. जेवण सगळ्यांबरोबर चालेल, खिडकी उघडी ठेवून. आईला टीबी असेल तर बाळाला दूध पाजणं थांबवायचं नाही, औषध चालू ठेवायचं, पाजताना मास्क लावायचा आणि बाळाला तपासून घ्यायचं. लग्न ठरलेल्या मुलीला टीबी निघाला तर कोर्स पूर्ण करून लग्न करायला काहीच अडचण नाही, हे मुद्दाम लिहितोय कारण मुलाला झाला तर कुणी एवढं विचारत नाही.

दोन महिने झाल्यावर आणि कोर्स संपताना परत थुंकी तपासतात, ती दिल्याशिवाय "बरा झालो" म्हणायचं नाही. आणि कोर्स संपल्यावरही दर सहा महिन्यांनी एकदा असं दोन वर्षं दाखवून यायचं, कारण परत उलटला तर बहुधा याच काळात उलटतो.